वजन खरं सांगा, बाई!

फॉर्मवर नाव, वय, पत्ता, पासपोर्ट क्रमांक, औषधं वगैरे सगळे नेहमीचे रकाने होते. आणि सगळ्यांत शेवटी एक, ‘प्रवाशाचे वजन, किलोमध्ये’. आता मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा, सिंहगेंडे बघायला निघालेल्या बाईच्या वजनाशी कुणाला काय करायचंय? मी बेधडक ६४ लिहून मोकळी झाले. माझ्या मुलीच्या लग्नात ते तेवढंच होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, एवढंच.

आम्ही निघालो होतो केनियाला. २०२४ चा सप्टेंबर. हे निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर नवं करायचं म्हणून पैसे बाजूला ठेवले होते. नवा ओटा, भिंतीतली कपाटं, चिमणी, सगळं ठरलेलं. पण ह्यांना लहानपणापासून हत्तींचं वेड. चाळीस वर्षं पेशवे पार्क आणि दूरदर्शनवर समाधान मानलं बिचाऱ्यांनी. मीच एकदा म्हटलं, “ओटा काय, आहे तो आणखी दहा वर्षं चालेल. आपले गुडघे चालतील का?”

अडचण माझ्या कमरेची होती. मणक्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी खडबडीत रस्त्याचा प्रवास बंद केलेला. नैरोबीहून मसाई मारा मोटारीने पाच-सहा तास, त्यातला शेवटचा भाग हाडं खिळखिळी करणारा. मग कळलं की छोट्या विमानाने हाच प्रवास पाऊण तासात होतो. खर्च जास्त, पण कंबर शाबूत. नाशिकच्या एक डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेल्या दोघी बहिणी, आम्ही दोघं आणि सहल घेऊन जाणारा तरुण मुलगा, अशी सात जणांची आमची टोळी जमली.

तयारीबद्दल आधी सांगते, कारण परत आल्यापासून सगळ्या तेच विचारतात. केनियाला आता व्हिसा लागत नाही, पण २०२४ च्या जानेवारीपासून प्रवासाची परवानगी आधी घ्यावी लागते. पीतज्वराची लस तर हवीच. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि निघण्याच्या निदान दहा दिवस आधी. तिचं पिवळं कार्ड परत येताना मुंबईच्या विमानतळावर बघतात. मात्र साठी ओलांडलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दंड पुढे करू नये. ही लस जिवंत विषाणूची असते आणि उतारवयात क्वचित बाधते. ह्यांचं वय ६६, त्यामुळे आमच्या डॉक्टरांनी सगळी औषधं तपासूनच होकार दिला. मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या.

सामान माणशी १५ किलो, त्यात हातातली पिशवीही आली! आणि बॅग मऊ कापडाची हवी, कारण ती विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात कोंबतात. चाकांची कडक पेटी तिथे जातच नाही. दुसरं म्हणजे, केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. २०२० पासून अभयारण्यांत पाण्याच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. आपल्याकडे तर लाडू, चिवडा, मेतकूट, सगळं प्लास्टिकमध्ये! मी जुन्या चादरीच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या आणि फराळ स्टीलच्या छोट्या डब्यांत भरला. कपडे खाकी, मातकट रंगाचे घ्यावेत. गडद निळा आणि काळा नको, त्से-त्से माशीला ते रंग फार आवडतात. पांढऱ्याची तासाभरात माती होते. साडी मी नेलीच नाही. उंच जीपवर चढायला सलवार-कमीजच बरी. आणि स्वेटर विसरू नका. विषुववृत्त म्हणजे उकाडा, असं शाळेत शिकलो खरं, पण हा सारा प्रदेश उंचावर आहे. पहाटे सहाला उघड्या जीपमध्ये माझे दात वाजत होते.

तर, नैरोबीला पोचलो त्या रात्री तो मुलगा म्हणाला, “काकू, उद्या विल्सन विमानतळावर सगळ्यांचं वजन होणार हं.”

मला घास गिळवेना. खोलीवर आल्यावर ह्यांना म्हटलं, “अहो, त्या फॉर्मवर मी जरा कमी लिहिलंय.”

“किती कमी?”

“असेल दहा-अकरा.”

हे हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. पेन्शनीत निघेपर्यंत यंत्रांमध्येच आयुष्य गेलेलं. म्हणाले, “अगं, नैरोबी महाबळेश्वरपेक्षा उंच आहे. साडेपाच हजार फूट. हवा विरळ, पंखांना उचल कमी मिळते. तेवढंच विमान उडवायला इथे धावपट्टी जास्त लागते. वजनाचा हिशेब चुकला तर काय होईल?” त्या रात्री मी रामरक्षा दोनदा म्हटली.

सकाळी विल्सनला गेलो. मोठ्या विमानतळाहून हा वेगळा, छोट्या विमानांचा. आणि गंमत म्हणजे त्याला एका बाईचं नाव आहे. फ्लॉरेन्स केर विल्सन ही नैरोबीतली विधवा बाई. तिने १९२९ मध्ये स्वतःची विमान कंपनी काढली. १९६२ मध्ये विमानतळाला तिचं नाव दिलं. त्याच काळातली बेरिल मार्कम इथेच विमान चालवायला शिकली, शिकाऱ्यांसाठी वरून हत्तींचे कळप हुडकायची, आणि १९३६ मध्ये इंग्लंडहून एकटीने अटलांटिक ओलांडून पलीकडे गेली. हे मला नंतर वाचून कळलं. त्या क्षणी मला फक्त तो वजनकाटा दिसत होता.

आमची वैमानिकही बाईच निघाली. तिशीची, माझ्या मुलीएवढी. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. डॉक्टरीणबाईंचे यजमान हळूच म्हणाले, “हीच चालवणार?” डॉक्टरीणबाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. पुढे तीन दिवस ते काही बोलले नाहीत.

मी सरळ पुढे होऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं, मी खोटं लिहिलंय. आणि काट्यावर उभी राहिले. ७५! माझ्यामागून थोरल्या बहिणीने चष्मा पुसला आणि म्हणाली, “माझेही सहा वाढवा.” मग तो सहल नेणारा मुलगा, मग डॉक्टर स्वतः! एकूण तीसेक किलोंचं खोटं निघालं. ती मुलगी रागावली नाही. तिने कागदावर आकडे दुरुस्त केले, बारा-तेरा जणांचं विमान आणि आम्ही सातच, त्यामुळे सामान काढावं लागलं नाही. पण जागा बदलल्या. मी पुढे, तिच्या पाठीमागच्या रांगेत. सडपातळ धाकटी बहीण शेवटी. तोल राखायचा असतो ना! हे सगळ्यांसमोर म्हणाले, “चाळीस वर्षं संसार केला, वजन मात्र आज कळलं.”

विमान सेसना कॅराव्हॅन, एका इंजिनाचं. पंख वर असतात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. पहाटे हवा शांत असते. दुपारी जमीन तापली की विमान एस. टी.सारखं उसळतं, म्हणून सकाळचंच उड्डाण मागून घ्यावं. जिभेवर आलेपाकाची वडी धरावी. आणि हो, विमानात संडास नसतो. आदल्या तासात चहा पिऊ नये. जंगलात गाडी थांबवायची वेळ आलीच तर मार्गदर्शकाला निःसंकोच सांगावं. तो आधी झुडपामागे बघून येतो आणि मग पाठ करून उभा राहतो. पहिल्या दिवशी आम्ही बायका लाजलो, दुसऱ्या दिवशी नाही.

आधी अंबोसेली. खाली पांढरी कोरडी तळ्याची माती, मध्येच हिरवीगार पाणथळ, आणि समोर टांझानियातला किलिमांजारो, ५८९५ मीटर. त्याच्याच पोटातून जमिनीखालून आलेल्या पाण्यावर ही पाणथळ जगते.

इथे ह्यांचे हत्ती भेटले. आम्ही पाऊण तास एका कुटुंबाजवळ थांबलो. कुटुंबच म्हणायचं, कारण पुढे आजी, मागे लेकी, नाती, पिल्लं. वयात आलेले नर घर सोडून जातात. पाणी कुठे आटलं, कुठे सापडेल, हे आजीच्या डोक्यात. सिंथिया मॉस या बाईंनी १९७२ पासून इथल्या हत्तींची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवली. त्यांनी अभ्यासलेली ‘एको’ नावाची आजी २००९ मध्ये गेली. बावीस महिने पोटात वाढलेलं पिल्लू, पण सांभाळतात ते मावश्या. एक पिल्लू चिखलात घसरलं तर आईच्या आधी दोन मावश्या धावल्या. ह्यांनी कॅमेरा खाली ठेवला होता. डोळे पुसत होते. मी बघितलंय हे त्यांना अजून माहीत नाही.

मग मसाई मारा. भूभंगाची प्रचंड दरी ओलांडताना सुस्वाचं ज्वालामुखीचं तोंड खाली दिसलं. धावपट्टी म्हणजे लाल मातीचा पट्टा. तिथेही त्याला मुरमच म्हणतात! पट्टीवर झेब्रे चरत होते. जीपने आधी एक फेरी मारून त्यांना हाकललं, मग आम्ही उतरलो. शब्द ऐकून घरच्यासारखं वाटायचं. गाडीला गारी, पैशाला पेसा, दुकानाला दुका, चहाला चाय. तंबूतल्या स्वयंपाक्याने चपाती आणि कचुंबरी वाढली तेव्हा माझे लाडवाचे डबे तसेच राहिले.

लाखो वाइल्डबीस्ट नदीकाठी जमले होते. तीन तास उन्हात बसलो, एकही उतरला नाही. असंही होतं. पण चित्त्याची मादी दिसली, तीन पिल्लांसह. आपल्याकडे चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला. २०२२ मध्ये कुनोत आणला तो आफ्रिकेतलाच. ही एकटीच पिल्लं वाढवते, बाप फिरकत नाही. ती हरणाच्या दिशेने दबकत निघाली आणि बघता बघता सतरा जीप गोळा झाल्या. हरणं उधळली. ती बसून राहिली, पिल्लं तिच्या अंगावर चढत होती. आमचा मसाई मार्गदर्शक शांतपणे म्हणाला, आज ही उपाशी झोपेल. धाकट्या बहिणीने विचारलं, आपण निघायचं का? फोटो कुणाचाच नीट आला नव्हता. तरी निघालो. मला वाटतं, एवढा खर्च करून आलोय म्हणून जनावरांनी आपल्यासाठी थांबावं, ही अपेक्षाच चुकीची.

मसाई वस्तीत घरं बायका बांधतात. काटक्यांचा सांगाडा, त्यावर माती आणि शेण. मी भिंतीवर हात फिरवला, तर त्या बाईने हसून शेणाचा गोळा माझ्या हातात दिला. लहानपणी आजोळी सारवलेलं होतं, हात विसरले नव्हते. तिने मान डोलावली. पास झाले असावे.

परत येऊन सहा महिने झाले. जुना ओटा आहे तसाच आहे. वजनकाटा मात्र नवा घेतलाय. परवा त्या दोघी बहिणींचा फोन आला, पुढच्या वर्षी नामिबिया, तिथेही छोटंच विमान. फॉर्म आला. मी न लाजता ७५ लिहिलं. हे मागून डोकावले आणि म्हणाले, “अगं, सकाळी काटा ७७ दाखवत होता.”