मुशीचा दांत आणि तिचें नांव

अलिबाग-मुरुडच्या बाजारांत मुशी चिरली जाते तेव्हां तिचा कणा हाडाचा नसून मऊ कूर्चेचा असल्याचें दिसतें. कूर्चा लवकर कुजते. दांत मात्र टिकतात. म्हणून प्राचीन मुशींचें वर्गीकरण बहुधा दांतांवरूनच करावें लागतें.

रायगडचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा. असे दांत पाहण्यास जैसलमेर गांठावें लागतें. आज तेथें वाळवंट आहे, परंतु सुमारें सोळा कोटी वर्षांपूर्वीं समुद्र होता. तेथील दांतांवरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनीं २०२१ सालीं 'स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस' ही नवी जाति जाहीर केली. स्ट्रोफोडस ही प्रजाति 'हायबोडॉण्ट' या नामशेष गणांतील. तिचे दांत चपटे, कवचें भरडण्याजोगे.

या प्रजातीचा इतिहास बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकांत लुई आगासी यांनीं अशा दांतांस 'स्ट्रोफोडस' आणि पाठीवरील परांच्या कांट्यांस 'अ‍ॅस्टराकॅन्थस' अशीं निरनिराळीं नांवें दिलीं. पुढें दोन्ही एकाच प्राण्याचीं अंगें समजून स्ट्रोफोडस हें नांव मागें पडलें. परंतु २०२१ सालींच जर्मनींतील सोल्नहोफेनच्या एका अ‍ॅस्टराकॅन्थस-सांगाड्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. कांटे तेच, पण दांत टोकदार! चपट्या दांतांचा धनी निराळा ठरला आणि स्ट्रोफोडसला आपलें नांव परत मिळालें.

केवळ दांतावरून दिलेलें नांव कच्च्या टिपणासारखें समजावें; सांगाडा हातीं येतांच तें पुन्हां तपासावें लागतें.