काळ्या रानातली गांडुळे वर का येतात?

महसूल खात्याच्या हिशेबात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टीची नोंद होते. परभणी तालुक्यातल्या झरी शिवारात तो आकडा जाहीर होण्याआधीच रान बोलू लागते. सोयाबीनच्या तासांत पाणी तुंबलेले असते आणि बांधावर, पांदीत, परभणी-जिंतूर रस्त्याच्या कडेला गांडुळे वळवळत असतात. सप्टेंबर 2024च्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांना झोडपणाऱ्या पावसासारखा पाऊस म्हणजे तर मातीतल्या या रहिवाशांची कसोटीच.

‘बिळात पाणी शिरले, जीव गुदमरला, म्हणून वर आली’ हे उत्तर शाळेपासून पाठ असते. ते अर्धेच खरे आहे. गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओलसर त्वचेतून श्वास घेते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो, त्यामुळे पाण्याने भरलेल्या मातीत त्याची कोंडी होते खरी. पण पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल, तर अनेक जाती त्यात कित्येक दिवस तग धरतात. तैवानमधल्या संशोधकांनी 2008 साली दोन जाती तपासल्या. एक जात जोरदार पावसानंतर रात्री वर येते, दुसरी आतच राहते. वर येणारीला प्राणवायू जास्त लागतो, आणि रात्री तर आणखीच.

डार्विनला वाटे, पावसानंतर मरून पडलेली गांडुळे आधीच आजारी असावीत. आणखी एक तर्क प्रवासाचा आहे. एरवी कोरड्या जमिनीवर त्वचा सुकून मरण ठरलेले. ओल्या जमिनीवरून मात्र मातीतल्यापेक्षा कितीतरी लवकर नवी जागा गाठता येते. कारण एकच असेल, हा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

झरीच्या बाबतीत मातीचा स्वभावही मोजायला हवा. इथली काळी, चिकणमातीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा गांडुळे खोल जाऊन वेटोळे करून पडून राहतात. पहिला पाऊस भेगांतून थेट खाली उतरतो. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरणे जवळपास थांबते. साचलेल्या पाण्याखाली मुळे आणि सूक्ष्मजीव उरलासुरला प्राणवायू संपवत असतात. मुरमाड जमिनीत पाणी निसटून जाते. इथे ते मुक्कामाला राहते.

वर आल्यावरही सुटका नाहीच. गाय बगळे, साळुंक्या टपलेल्याच असतात. त्यांच्या चोचीतून वाचले तरी ऊन पडताच अतिनील किरणांनी गांडूळ लुळे पडते.

ही हानी किती मोलाची? डार्विनने 1881च्या आपल्या पुस्तकात इंग्लंडमधल्या काही जमिनींवर गांडुळे वर्षाला एकरी दहा टनांहून अधिक माती वर आणून टाकतात, असा हिशेब मांडला होता. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या स्टीव्हन फोंटे यांच्या गटाने 2023 साली काढलेला अंदाज असा : जगातल्या धान्य उत्पादनात सुमारे साडेसहा टक्के वाटा गांडुळांचा, कडधान्य वर्गात मात्र 2.3 टक्केच. शेंगवर्गीय पिके नत्राची सोय बरीचशी स्वतःच करतात, हे त्याचे एक कारण. म्हणजे झरीच्या सोयाबीनपेक्षा रब्बीच्या गव्हाला त्यांचा उपयोग अधिक व्हावा. आणि गांडूळ सगळीकडेच मित्र असते असेही नाही. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडील जंगलांत युरोपातून आलेल्या गांडुळांनी पालापाचोळ्याचा थर फस्त करून तिथल्या रोपांची पंचाईत केली आहे.

आपल्याकडचा गोंधळ वेगळाच आहे. गांडूळखताच्या वाफ्यात बहुधा ‘आयसेनिया फेटिडा’ किंवा ‘युड्रिलस युजिनी’ या परदेशी जाती असतात. त्या कुजक्या शेणात, काडीकचऱ्यात रमतात. काळे रान पोखरणे हे त्यांचे काम नव्हे. ते ‘लॅम्पिटो मॉरिटी’सारख्या देशी जातींचे. त्यामुळे वाफ्यातली गांडुळे विकत आणून शेतात सोडायची आणि त्याच शेतात धसकटे, पाचट पेटवायचे, हा उद्योग पैसे वाया घालवणारा आहे. देशी गांडुळांना फक्त खायला काडीकचरा आणि श्वासापुरती हवा लागते. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी पद्धतीची शिफारस करते ती पिकासाठी. जादा पाणी सरीतून निघून जाते, वरंब्यातल्या मुळांना हवा मिळते, आणि मुळांशेजारी राहणाऱ्या गांडुळांनाही.