आमच्या गल्लीचा नगरसेवक कोण?

संध्याकाळचे पावणेसात झाले की समोरच्या घरातल्या अक्का पायात चपला अडकवतात, मोबाइलची बॅटरी लावतात आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन उभ्या राहतात. त्यांची नववीतली मुलगी ट्यूशनहून परत यायची ती वेळ. कोपऱ्यावरचा दिवा तीन आठवड्यांपासून बंद होता. त्याच दिव्याखाली गटारावरची एक फरशी तुटलेली. उजेडात ती दिसते, अंधारात दिसत नाही.

मी नोकरीसाठी बेंगळुरूला आले त्याला आता तीन वर्षं झाली. सांगलीला आईशी फोनवर बोलताना सहज हा विषय निघाला. आईने एका वाक्यात निकाल लावला, "अगं, मग नगरसेवकाला फोन लाव की!"

दुसऱ्या दिवशी मी अक्कांना विचारलं, आपला नगरसेवक कोण? माझं मोडकं कन्नड आणि त्यांचं मोडकं हिंदी यांच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत आमचं बोलणं चालतं. अक्का हसल्या. "पार्कच्या फाटकावर नाव आहे बघ अजून. पण ते आता माजी."

मग लक्षात आलं, ज्या शहरात मी राहते, कर भरणाऱ्या घरमालकाला भाडं देते, रात्री नऊला ऑफिसमधून परत येते, त्या शहरात नगरसेवकच नाहीत!

दोनदाच निवडून आलेलं सभागृह

बृहत् बेंगळुरू महानगर पालिका, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली बीबीएमपी, २००७ मध्ये स्थापन झाली. जुनी महापालिका, आजूबाजूच्या सात नगरपालिका, एक छोटी पालिका आणि ११० गावं एकत्र करून हे मोठं शहर तयार झालं. पण पहिली निवडणूक व्हायला २०१० उजाडलं. दुसरी झाली ऑगस्ट २०१५ मध्ये. त्या सभागृहाची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजी संपली, आणि तेव्हापासून शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला.

मधल्या काळात वॉर्डांची संख्या मात्र बदलत राहिली. १९८ होते, त्यांचे २४३ करायचं ठरलं, मग २२५. नंतर नवा कायदाच आला. मे २०२५ पासून ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाचा कायदा लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एका पालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या : मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण. आता एकूण ३६९ वॉर्ड आखले गेले आहेत. म्हणजे खुर्च्या वाढल्या, पण पाच वर्षांहून जास्त काळ त्या रिकाम्याच राहिल्या.

हे फक्त बेंगळुरूचं रडगाणं नाही बरं का. मुंबई आणि पुण्यात नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. आमच्या सांगलीतही जवळपास अडीच वर्षं प्रशासकच होता. तरी आईच्या तोंडी "नगरसेवकाला फोन लाव" हे वाक्य टिकून होतं. सवय अशी लवकर जात नाही.

नगरसेवक नक्की करतो काय?

आपल्यापैकी बऱ्याच जणांना नगरसेवक आठवतो तो गणपतीच्या मांडवातल्या बॅनरवर किंवा दहावीच्या मुलांच्या सत्कारात. पण त्याचं खरं काम फार घरगुती आहे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १९९३ मध्ये लागू झाली, शहरांच्या कारभारासाठी बारावं परिशिष्ट जोडलं. त्यात शहरी संस्थांकडे देता येतील अशा १८ कामांची यादी आहे. रस्ते आणि पूल, बागा आणि खेळाची मैदानं, आणि चक्क रस्त्यावरचे दिवे, बसथांबे, सार्वजनिक स्वच्छतागृहं. आमच्या कोपऱ्यावरच्या बंद दिव्याची सोय थेट राज्यघटनेत केलेली आहे, हे वाचून मला गंमतही वाटली आणि रागही आला.

आता तोच कोपरा बघा. दिवा महापालिकेचा. खांबावरची वीजवाहिनी वीज कंपनीची, म्हणजे बेसकॉमची. सांडपाण्याचं झाकण जल मंडळाचं. पावसाच्या पाण्याचं गटार आणि फुटपाथ पुन्हा पालिकेचा, पण दिव्याचा विभाग वेगळा आणि गटाराचा वेगळा. पुढच्या चौकातला कॅमेरा पोलिसांचा. रस्त्यावरून चालणाऱ्या मुलीसाठी हा एकच कोपरा असतो, कार्यालयांसाठी मात्र चार-पाच वेगवेगळ्या फायली.

या फायली एकत्र बांधणारा माणूस म्हणजे नगरसेवक. तो स्वतः बल्ब बदलत नाही. पण लाइनमन, अभियंता आणि पोलीस चौकी या तिघांनाही "माझ्या वॉर्डातला तो कोपरा" म्हणून एकाच वेळी जाब विचारू शकतो. वॉर्डासाठी निधी मागतो, सभागृहात प्रश्न विचारतो, अंदाजपत्रकात मैदानाच्या कुंपणाची तरतूद करून घेतो. आणि पाच वर्षांनी पुन्हा आपल्याच दारात यायचं असल्यामुळे त्याला आपला चेहरा लक्षात ठेवावा लागतो.

"मग आमदार आहेत ना?" असं कुणीही विचारेल. आहेत. बेंगळुरूत विधानसभेचे २८ मतदारसंघ आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ८४ लाख होती. तेव्हाच्या हिशेबानेही एका आमदारामागे तीन लाख माणसं, तर १९८ नगरसेवकांपैकी एकामागे साधारण बेचाळीस हजार. गेल्या काही वर्षांत लोक दिव्याची, कचऱ्याची तक्रार घेऊन आमदारांकडेच जाऊ लागले. पण आमदाराचं मुख्य काम कायदे करणं. त्यांनी तुटलेल्या फरशा मोजत बसाव्यात अशी अपेक्षा चुकीची आहे.

छोट्या गोष्टीची मोठी किंमत

१९ नोव्हेंबर २०२३ ची पहाट. व्हाइटफील्ड भागातल्या होप फार्मजवळ फुटपाथवर तुटून पडलेल्या वीजवाहक तारेवर पाय पडला आणि एक तरुण आई आणि तिच्या कडेवरची नऊ महिन्यांची मुलगी, दोघी गेल्या. बाळाला घेऊन फुटपाथवरून चालणं, एवढंच त्या आईने केलं होतं.

नगरसेवक असता तर हे टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. नगरसेवक असताना देखील या शहरात पावसाळ्यात मुलं नाल्यात वाहून गेलेली आहेत. पण लोंबकळणारी तार, उघडं झाकण, बंद दिवा या गोष्टी बहुतेक वेळा आधी कुणाला तरी दिसलेल्या असतात. भाजीवाल्याला, दूधवाल्याला, शाळेच्या रिक्षावाल्या अण्णांना. प्रश्न असतो की हे सांगायचं कुणाला, आणि सांगितल्यावर पाठपुरावा करणार कोण.

निर्भया निधीतून बेंगळुरूत सेफ सिटी प्रकल्प आला, हजारो कॅमेरे बसले. ते हवेतच. पण अंधाऱ्या गल्लीवर लावलेल्या कॅमेऱ्याला अंधारच दिसणार. आधी दिवा हवा.

नगरसेवक आला म्हणजे सुटलो?

नाही हो. आई जानेवारीत मतदान करून आली आणि म्हणाली, "चार-चार मतं दिली बाई. आता गटार तुंबलं की चौघं एकमेकांकडे बोट दाखवणार." महाराष्ट्रात मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार नगरसेवक असतात. बेंगळुरूत एका वॉर्डाला एकच. या बाबतीत इथलं गणित सोपं आहे.

दुसरी अडचण आपल्या ओळखीची. २०१५ मध्ये बेंगळुरूत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव होत्या, महाराष्ट्रातही २०११ पासून तेच प्रमाण आहे. अनेक जणी उत्तम काम करतात. पण काही ठिकाणी खुर्चीत ताई आणि फोन उचलणार त्यांचे मिस्टर, हेही आपण पाहिलं आहे. मुलींच्या शाळेच्या वाटेवरचा अंधार ज्या बाईला स्वतः कळतो, तिलाच बोलू दिलं नाही तर आरक्षणाचा उपयोग काय?

म्हणून नगरसेवकाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याला प्रश्न विचारणारे शेजारी. मुंबईत २००७ साली जुहूमध्ये रहिवाशांनी एकत्र येऊन ॲडॉल्फ डिसूझा यांना अपक्ष म्हणून उभं केलं आणि निवडूनही आणलं. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात : फुटपाथ, दिवे, बसथांबा, बाकडी. बेंगळुरूतही वॉर्ड समितीची पद्धत होती. नगरसेवक अध्यक्ष आणि दहा सदस्य, त्यात किमान तीन महिला आणि रहिवासी संघांचे दोन प्रतिनिधी. नव्या कायद्यातही वॉर्ड समितीची तरतूद आहे. म्हणजे दार आहे, आपण ते वाजवत नाही एवढंच.

तोपर्यंत घरच्या घरी काय करता येईल?

आम्ही गल्लीतल्या अकरा घरांनी मिळून जे केलं आणि त्यातून जे शिकलो, ते सांगते.

१. आपला वॉर्ड माहीत करून घ्या. नव्या रचनेत नाव, क्रमांक आणि महापालिका, तिन्ही बदललेलं असू शकतं. भाड्याने राहत असाल तरी मतदारयादीत या पत्त्यावर नाव नोंदवा. मी हे तीन वर्षं टाळलं होतं.

२. मुलांना घेऊन संध्याकाळची एक फेरी मारा. कुठे अंधार आहे, कुठे फुटपाथ संपतो, कुठे गेलं की भीती वाटते, ते त्यांनाच सांगू द्या. २०१३ मध्ये सुरू झालेलं सेफ्टीपिन हे ॲप जागा किती सुरक्षित आहे हे अशाच गोष्टींवरून मोजतं : उजेड, मोकळी नजर, आजूबाजूला माणसं, चालायला वाट, आणि तिथे उभं राहून मनाला काय वाटतं. अक्कांच्या मुलीने फेरीत जे दाखवलं, ते आम्हा मोठ्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. बंद दुकानाच्या पायरीवर बसणारं टोळकं टाळायला ती रोज रस्त्याच्या मधून चालायची.

३. तक्रार एकट्याने करू नका. खांबाचा क्रमांक, फोटो, तारीख लिहा. प्रत्येक घराने स्वतंत्र तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक एका वहीत ठेवा. माझी पहिली तक्रार "निकाली" म्हणून बंद झाली होती, दिवा मात्र बंदच होता. वहीमुळे पुन्हा उघडून घेता आली.

४. हे क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा : पालिकेसाठी १५३३, विजेसाठी बेसकॉम १९१२, पाणी आणि सांडपाण्यासाठी जल मंडळ १९१६, मुलांसाठी १०९८ आणि कोणत्याही तातडीच्या वेळी ११२. तुटलेली तार दिसली तर जवळ जाऊ नका, दुसऱ्यांनाही जाऊ देऊ नका, आधी १९१२ लावा. हे मुलांना पाठ करून द्या.

५. मत मागायला येणाऱ्यांसाठी प्रश्न तयार ठेवा. वॉर्ड समितीची बैठक दर महिन्याला घ्याल का? ती कधी आणि कुठे, हे आधी कळवाल का? वॉर्डातले बंद दिवे आणि उघडी गटारं यांची यादी लावाल का? ताई उमेदवार असतील तर आणखी एक : फोन तुम्हीच उचलाल ना?

आणि आमचा दिवा?

पाचव्या आठवड्यात लागला. एका दुपारी शिडीची गाडी आली, दहा मिनिटांत काम झालं. अक्कांनी त्या दोघांना ताक दिलं. दहा मिनिटांच्या कामासाठी पाच आठवडे, अकरा घरं आणि एक वही लागली.

फरशी अजून तुटलेलीच आहे. तिच्यावर आम्ही एक जुनी लाल कुंडी उलटी ठेवली आहे, निदान दिसावी म्हणून. वहीत तिची नोंद पहिल्या पानावर आहे, तारखेसकट. इथल्या निवडणुकीची तयारी सुरू झाल्यापासून पार्कच्या फाटकाजवळ नव्या चेहऱ्यांचे बॅनर दिसू लागलेत. त्यातलं कुणीतरी हात जोडत आमच्या गल्लीत येईलच. अक्कांनी आधीच सांगून ठेवलंय, चहा नंतर, आधी त्यांना कुंडीपाशी न्यायचं.

तुमच्या गल्लीचा नगरसेवक कोण, हे आज घरात विचारून बघा. उत्तर आलं नाही, तर तिथूनच सुरुवात करा.