गैरसमज फक्त गावाचेच नसतात

जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटेत वाटूर लागतं. परतूर तालुक्यातलं हे फाट्याचं गाव. नर्सिंगच्या विद्यार्थिनी समुदाय आरोग्याच्या प्रात्यक्षिकासाठी अशाच गावांत जातात, तेव्हा वहीत ‘गावातले गैरसमज’ अशी एक यादी असते. चीक पिळून टाकतात, जुलाबात पाणी तोडतात वगैरे. यादी खरी, पण अर्धीच. उरलेले गैरसमज वही धरणाऱ्या हातांकडेच असतात.

त्यातला सगळ्यात पक्का म्हणजे खरं नर्सिंग वॉर्डात, गावात नुसते डोस पाजायचे आणि रजिस्टरं भरायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखत, गरजेला प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांच्या मानानं नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. 1999 साली ‘लॅन्सेट’नं हा अभ्यास छापला. आज बाळ दवाखान्यात जन्मलं तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही. त्यामागे हेच काम आहे.

गृहभेटीच्या पिशवीलाही मुली ‘शोभेची’ म्हणतात. घरात शिरल्यावर आधी वर्तमानपत्र पसरायचं, पिशवी त्यावर ठेवायची, हात धुण्याचं सामान तेवढं काढायचं, हात धुवायचे आणि मगच आतल्या साहित्याला हात लावायचा. कंटाळवाणं वाटतं खरं. पण एका घरचे जंतू पुढच्या बाळंतिणीच्या घरी न्यायचे नसतील तर दुसरा मार्ग नाही.

जुलाबाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. पाणी तोडणं चूक, हे विद्यार्थिनींना पाठ असतं. पण ‘ओआरएसनं जुलाब थांबतात’ असं त्याच आईला सांगून येतात. थांबत नाहीत. ग्लुकोजच्या जोडीनं मीठ आतड्यातून शोषलं जातं, मागोमाग पाणी जातं, एवढंच ओआरएस करतं. आणि तेवढंच जीव वाचवतं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात हे पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. थांबतील असं सांगितलेल्या आईला मात्र दोन-तीन तासांत जुलाब सुरूच दिसतात आणि ती पुडी बाजूला ठेवते.

पुडीचंही तसंच. ग्लासभर पाण्यात चमचाभर भुकटी, असा घरोघरचा हिशेब. एक लिटरची अख्खी पुडी एक लिटर पाण्यातच, एकाच वेळी, आणि ते पाणी 24 तासांत संपवायचं. अंदाजानं कालवून ते घट्ट झालं तर बाळाला मिठाचाच त्रास होतो. जोडीला झिंकची गोळी 14 दिवस, मधेच जुलाब थांबले तरी.

रक्त वाढायला बीट खा, हा सल्ला तर शिकलेल्यांचाच. रंग लाल, म्हणून रक्त! 100 ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. बाळंतिणीला गावाकडे अहळिवाची खीर किंवा लाडू देतात, ते अहळीव लोहात बिटाच्या कितीतरी पुढे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यामुळे गरोदरपणात आहाराबरोबर लोहाची गोळी हवीच. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. शौचाला काळं होतं, हे आधीच सांगून ठेवलं तर गोळ्या कोनाड्यात पडून राहत नाहीत.

मराठवाड्यात लसीकरणाचा प्रश्न ऊसतोडीशी बांधलेला आहे. कुटुंब दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे जातं, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. मधले डोस चुकतात आणि ‘आता पहिल्यापासून सुरू’ म्हणून आई धास्तावते. कधी नवखी परिचारिकाही तेच सांगते. तसं नसतं. जिथं थांबलं तिथून पुढं चालायचं. साधी सर्दी किंवा हलका ताप हेही लस टाळायचं कारण नव्हे. बीसीजीची खूण उमटली नाही तरी ती लस पुन्हा देत नाहीत. माता-बाल संरक्षण कार्ड भांड्याकुंड्यांबरोबर गेलं पाहिजे, कारण कारखान्याजवळच्या सरकारी लसीकरण सत्रातही राहिलेला डोस फुकटच मिळतो.