अभयारण्याच्या वेशीवर गरवताना

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती सागरी अभयारण्य आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालेले हे अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचे. त्यातले ३.१८ चौरस किलोमीटर गाभाक्षेत्र आहे, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक. उरलेल्या भागाला बफर म्हणतात. या खडकांवर प्रवाळ आहेत, सरगॅसमसारखे समुद्री शेवाळ आहे, आणि त्यांच्या कपारींत माशांची पिल्ले वाढतात. जंगलातल्या अभयारण्याला फाटक असते, नाका असतो. पाण्यावर असे काहीच दिसत नाही. त्यामुळे हौसेने गरी टाकणाऱ्याचा पहिला प्रश्न हद्दीचाच असायला हवा.

मालवण बंदराजवळ अभयारण्याची हद्द किनाऱ्यापासून अवघ्या ५० मीटरवर सुरू होते. आजकालच्या चांगल्या रॉडने आणि रिळाने गरी त्याहून लांब सहज जाते. माणूस पुळणीवर उभा, पण त्याची गरी अभयारण्यात, असा प्रकार इथे नकळत होऊ शकतो. पाय कुठे आहेत याला महत्त्व नाही, मासा कुठल्या पाण्यातून काढला याला आहे. म्हणून गरवण्याआधी वन विभागाकडे जाऊन हद्दीचा नकाशा पाहावा, जागा विचारून घ्यावी, आणि शंका असेल तर ती जागा सोडावी.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील प्राण्याच्या व्याख्येत मासेही येतात. कलम २९ नुसार अभयारण्यातून वन्यजीव नेणे किंवा त्यांच्या अधिवासाची नासधूस करणे याला मनाई आहे, आणि परवानगी मिळते ती अभयारण्याच्या भल्यासाठी, छंदासाठी नव्हे. याच कायद्याच्या कलम २६-अ मध्ये मात्र सागरी अभयारण्याबाबत एक महत्त्वाची अट आहे: प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपले पाहिजे. मालवणच्या मच्छीमारांचा या अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध राहिला, तो पोटाच्या प्रश्नामुळे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर घर चालले तिथे आपल्याला मज्जाव होईल ही त्यांची भीती खरी आहे. सुट्टीत येणाऱ्या हौशी माणसाच्या बाजूने असा कोणताही दावा नाही. त्याने मच्छीमाराच्या सवलतीकडे बोट दाखवून स्वतःसाठी सूट मागणे योग्य नाही.

हद्दीबाहेर राहण्यात हौशी गरवणाऱ्याचे नुकसान तरी काय? उलट फायदाच आहे. मासेमारी बंद असलेल्या पाण्यात मासे जास्त वर्षे जगतात, मोठे होतात, आणि दाटी झाली की त्यातले काही बाहेर पडतात. याचा सर्वांत बोलका दाखला फ्लोरिडातला आहे. केप कॅनव्हेरल इथल्या अवकाश तळाच्या सुरक्षेसाठी मेरिट आयलंडजवळचे काही पाणी १९६२ पासून मासेमारीला बंद झाले. पुढे त्या बंद पाण्याच्या आसपास गरीने विक्रमी आकाराचे मासे मिळू लागले, आणि २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी ते विक्रम तपासून हा संबंध मांडला. माशांसाठी म्हणून ते पाणी कोणी राखले नव्हते, तरी एवढा फरक पडला. पण याला दुसरी बाजूही आहे. हद्दीच्या रेषेवरच रोज डझनावारी गऱ्या पडू लागल्या, तर बाहेर येणारा प्रत्येक मोठा मासा तिथेच संपतो आणि पलीकडच्या किनाऱ्यांपर्यंत काही पोहोचत नाही. वेशीवर गरवणाऱ्याची जबाबदारी म्हणूनच जास्त.

कोणता मासा ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा आणि सुरमई ३७० मिलिमीटरपेक्षा लहान पकडू नये, असे ते नियम. एकदाही अंडी न घातलेले पिल्लू मारू नये, हा त्यामागचा विचार. पण लहान सोडा आणि मोठे घ्या, एवढ्याने भागत नाही. खडकात राहणारा गोबरा मादी म्हणून वाढतो आणि मोठेपणी त्यातले काही नर होतात. सगळे मोठे गोबरे काढले तर त्या खडकावर नर उरत नाहीत. चणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, याच्या उलट चालतो. तो आधी काही वर्षे नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. कर्ली किंवा कोळंबच्या खाडीच्या मुखाशी गरीला लागलेला भला मोठा चणक बहुतेक मादी असतो, आणि एक मोठी मादी लाखोंनी अंडी घालते. म्हणून घरच्या कालवणापुरते एखाददोन मध्यम मासे घ्यावेत, लहान सोडावेत आणि फार मोठेही सोडावेत. फोटोसाठी सर्वांत मोठा मासाच हवासा वाटतो हे खरे, पण तोच पाण्यात परत जाणे सर्वांत गरजेचे आहे.

सोडलेला मासा जगला तरच सोडण्याला अर्थ. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगजंतूंपासून वाचवतो. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरले, वाळूत आपटले की तो थर निघतो. मासा वरवर ठणठणीत पोहत जातो आणि पुढे जखम चिघळून मरू शकतो. म्हणून आधी हात समुद्राच्या पाण्यात भिजवावेत, एक हात पोटाखाली आडवा धरावा, कल्ल्यांत बोटे घालू नयेत आणि शेपटीने उलटे लोंबकळू देऊ नये. गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला, तर ती क्षणात निघते. गोल वळणाची गरी बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकते, पोटात जात नाही. माशाने गरी गिळलीच असेल तर ओढून आतडी फाडण्यापेक्षा तोंडाजवळ तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, कापून सोडावा, तो जगण्याची शक्यता अधिक. थकलेला मासा पाण्यात सरळ धरून त्याचे कल्ले नीट हलू लागेपर्यंत थांबावे. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतात, त्यामुळे हे मासे हाताळताना घाई नको. टोचलेच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवावा आणि डॉक्टरकडे जावे. विषारी केंड मासा खाण्याच्या फंदात मात्र पडूच नये.

खडकात अडकलेले तंगूस हे या छंदाचे सर्वांत वाईट देणे आहे. नायलॉन कुजत नाही. लाटेबरोबर ते प्रवाळावर घासत राहते, खेकडे आणि कासवे त्यात गुरफटतात, आणि त्यातून त्यांना सुटता येत नाही. शिशाचे वजनही तिथेच राहते आणि शिसे विषारी आहे. म्हणून खडकाळ तळावर शिसे लावून गरी खाली सोडण्याऐवजी ती पाण्याच्या मधल्या थरात ठेवावी. तुटलेले तंगूस ओहोटीला जाऊन जमेल तेवढे गोळा करावे, अगदी दुसऱ्याचे असले तरी. आमिषासाठी खडकावरची कालवे फोडणे किंवा दगड उलटे करून किडे शोधणे टाळावे. बाजारातली कोळंबी उत्तम चालते.

काही जीव गरीला लागले तरी ते कोणाचेच नसतात. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्री कासवे यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ती बाळगणे, आठवण म्हणून घरी नेणे हा गुन्हा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. प्रखर दिवे दिसले की त्या परत फिरतात आणि पिल्ले प्रकाशाकडे वळून वाट चुकतात. त्या दिवसांत रात्री वाळूवर बॅटऱ्या पाजळून गरवायला बसू नये.

मच्छीमाराशी वागणूकही यातच येते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढली जात असेल तिथून बाजूला व्हावे, त्यांच्या जाळ्यांवरून गरी फेकू नये, आणि हौसेने पकडलेला मासा हॉटेलला विकून त्यांच्या बाजारात शिरू नये. कोणती जागा कधी सोडावी, कुठे खडकावर पाणी अचानक चढते, उधाणाच्या दिवशी कुठे उभे राहू नये, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. जाळ्यात अडकलेले किंवा जखमी कासव दिसले तर स्वतः ओढाताण न करता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.