सेरेब्रल पाल्सी : केंद्र दूर असले तरी उपचार थांबू नयेत

सेरेब्रल पाल्सी म्हणजे बाळाच्या वाढत्या मेंदूला गर्भात, जन्मावेळी किंवा पहिल्या काही वर्षांत झालेल्या इजेमुळे हालचालींवर आणि तोलावर होणारा कायमचा परिणाम. ही इजा पुढे वाढत नाही. मूल मात्र वाढते. हाडे लांब होतात, पण ताठर स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत. त्यामुळे लहानपणी पूर्ण पाऊल टेकवणारे मूल पुढे चवड्यांवर चालू लागू शकते. हे टाळणे आणि मुलाला रोजच्या कामांत जमेल तेवढे स्वावलंबी करणे, हे पुनर्वसनाचे काम आहे.

घरचा सराव का महत्त्वाचा?

मंठा, परतूर किंवा भोकरदनहून जालन्याला यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. अंबड, घनसावंगी भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला गेली की काही महिने उपचार बंद पडतात. पण मूल शिकते ते रोजच्या सरावातून. केंद्रावरच्या तासाभरात तुम्ही तो सराव शिकता, करायचा तो घरी किंवा कोपीवर.

रोज काय करावे?

- उचलताना मुलाला कडेवर, पाय फाकवून घ्या.
- जेवताना पाठीला आधार आणि पाय टेकलेले असावेत. आडवे झोपवून भरवू नका.
- पाय जमिनीला टेकतील अशा स्टुलावरून हात धरून उठ-बस करून घ्या.
- वाटी धरणे, सदऱ्यात हात घालणे ही कामे वेळ लागला तरी त्यालाच करू द्या.
- स्प्लिंट सांगितले तितके तास घाला. काढल्यावर अर्ध्या तासानेही लाल डाग राहिला तर ते दुरुस्त करून घ्या.

स्थलांतरापूर्वी थेरपिस्टना भेटून चार-पाचच व्यायाम ठरवा आणि त्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या.

माझे मूल चालेल का?

दोन वर्षांपर्यंत आधाराशिवाय बसणारी बहुतेक मुले पुढे चालतात. काहींना वॉकर किंवा व्हीलचेअर लागते. ती घेणे म्हणजे हार नव्हे, त्यामुळे मूल शाळेत पोहोचते. स्टेम सेलने मूल बरे करण्याचा दावा सिद्ध झालेला नाही. त्यासाठी जमीन विकू नका, कर्ज काढू नका.

लगेच कधी दाखवावे?

झटके येणे, जेवताना वारंवार ठसका लागणे, वजन न वाढणे, लंगोट बदलताना मूल रडणे किंवा मांड्या न उघडणे. शेवटची दोन लक्षणे खुबा सरकल्याची असू शकतात, म्हणून खुब्याचा एक्स-रे लागतो.

कोणती मदत मिळते?

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करते. अंगणवाडीताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढता येते. निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो.

निदान पक्के होण्याची वाट पाहू नका. बाळ चार महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल, तर त्याच आठवड्यात दाखवा.