लग्नाची तिथि आणि अमेरिकेची रांग

घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे आपल्याकडे प्रथम पंचांग उघडतात. गुरुबळ आहे कीं नाहीं, चातुर्मास केव्हां लागतो, परगांवच्या मंडळींस कोणती तिथि सोयीची पडेल, या सर्व गोष्टींचा खल होतो आणि मग मुहूर्त ठरतो. परंतु आज आपल्या पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी आप्त अमेरिकेंत स्थायिक आहे, आणि त्यानें आपल्या मुलासाठीं, भावासाठीं किंवा बहिणीसाठीं तेथील सरकारकडे अर्ज करून ठेवलेला आहे. अशा घरांत मुहूर्तापूर्वीं आणखी एक गोष्ट पाहणें अवश्य झालें आहे. ती न पाहिल्यानें काय होतें, हें आमच्या परिचयांतील एका कुटुंबाच्या उदाहरणावरून सांगतों.

त्या घरांतील वडील आपल्या धाकट्या भावाच्या अर्जावर पत्नीसह अमेरिकेस गेले. नंबर येईपर्यंत इतकीं वर्षें गेलीं कीं, अर्जाच्या वेळीं बालवर्गांत जाणारी मुलगी एकवीस वर्षांची मर्यादा ओलांडून गेली आणि मागें राहिली. वडिलांनीं तेथें पोहोंचतांच तिच्यासाठीं निराळा अर्ज केला. मुलगी आजीजवळ राहून शिकली, नोकरीस लागली. सात वर्षें लोटलीं. तिला एकोणतिसावें वर्ष लागलें असतां एक उत्तम स्थळ चालून आलें. आजीचें वय पंचाऐंशी. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकाव्या एवढीच तिची इच्छा उरली होती. तेव्हां असें ठरलें कीं, विधि घरच्या घरीं उरकावा आणि सरकारी नोंदणी व्हिसा हातीं पडल्यावर करावी. म्हणजे कागदोपत्रीं मुलगी अविवाहितच राहील. लग्न झालें, आजी सुखावली. पण त्याच दिवशीं तो सात वर्षांचा अर्ज कायद्यानें मेला, हें कोणाच्याहि ध्यानांत आलें नाहीं.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं त्या कायद्याची घडण थोडक्यांत पाहिली पाहिजे. १९६५ सालच्या कायद्यानें नातेसंबंधाला महत्त्व आलें, आणि १९९० सालच्या कायद्यानें आजचे वर्ग कायम झाले. अमेरिकन नागरिकाची पत्नी किंवा पति, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलें, आणि नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा असल्यास त्याचे आईवडील, यांना संख्येची मर्यादा नाहीं. बाकीच्यांना रांगेंत उभें राहावें लागतें. नागरिकाचीं मोठीं अविवाहित मुलें हा पहिला वर्ग. ज्यांना कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे ग्रीन कार्ड आहे, पण नागरिकत्व नाहीं, अशांची पत्नी किंवा पति आणि अविवाहित मुलें हा दुसरा. नागरिकाचीं विवाहित मुलें हा तिसरा. नागरिकाचे भाऊ-बहीण हा चौथा. तिसऱ्या वर्गास सबंध जगांतून दरसाल सुमारें २३,४०० जागा, चौथ्यास ६५,०००; आणि कोणत्याहि एका देशास सामान्यतः शेंकडा सातांहून अधिक वांटा नाहीं. अर्ज ज्या तारखेस दाखल झाला, ती तारीख हाच त्या मनुष्याचा रांगेंतील नंबर होय.

आतां ही यादी वाचकांनीं पुन्हां एकदां पाहावी. नागरिकाच्या विवाहित मुलीला तींत जागा आहे. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलीला मात्र कोठेंच जागा नाहीं. म्हणून ग्रीन कार्डधारक पित्याच्या मुलीनें अमेरिकेंत प्रवेश करण्यापूर्वीं लग्न केलें, कीं तिचा अर्ज आपोआप रद्द होतो. पुढें घटस्फोट झाला किंवा वैधव्य आलें, तरी तो पुन्हां जिवंत होत नाहीं. याउलट पिता आधीं नागरिक झालेला असेल, तर तीच मुलगी लग्नानंतर पहिल्या वर्गांतून तिसऱ्यांत जाते; रांग लांब होते, पण नंबराची जुनी तारीख शाबूत राहते, आणि नंबर आल्यावर पतीलाहि बरोबर नेतां येतें.

आमच्या परिचयांतील त्या गृहस्थांस ग्रीन कार्ड मिळून सात वर्षें झालीं होतीं. सामान्यतः पांच वर्षांनीं नागरिकत्वासाठीं अर्ज करतां येतो. परंतु आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. भारताचा पासपोर्ट सोडावयास त्यांचें मन घेईना, आणि 'घाई काय आहे' म्हणून तें राहून गेलें. शपथ आधीं आणि लग्न मागाहून, एवढा क्रम साधला असता, तर सात वर्षें वांचलीं असतीं.

भाऊ-बहिणीच्या वर्गांत हा हिशेब अगदीं उलटा आहे. समजा, एका अविवाहित भावाचा नंबर बहिणीच्या अर्जावर लागत आला आहे. त्यानें अमेरिकेंत पाऊल ठेवण्यापूर्वीं लग्न केलें, तर पत्नीला त्याच्याच नंबरावर, बरोबर किंवा मागाहून, जातां येतें. तो तेथें जाऊन मग परत येऊन लग्न करील, तर पत्नीसाठीं निराळा अर्ज करून दुसऱ्या वर्गांत थांबावें लागतें. त्या भावाचीं मुलें मात्र एकवीस वर्षांखालील आणि अविवाहित असलीं तरच बरोबर जातात. वयाच्या गणनेंत २००२ सालच्या एका कायद्यानें कांहीं सवलत दिली आहे: अर्ज मंजूर होण्यास जितके दिवस लागले, तितके दिवस मुलाच्या वयांतून वजा होतात. लग्नाच्या बाबतींत मात्र कोणतीच सवलत नाहीं.

आतां नोंदणीविषयीं. आपल्या १९५५ सालच्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें ज्या विवाहांत सप्तपदी आहे, तो सातवें पाऊल पडतांच पूर्ण होतो. नोंदणी झाली नाहीं म्हणून तो अपूर्ण राहत नाहीं. २०२४ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि स्पष्ट केलें कीं, विधीवांचून नुसत्या नोंदणीनें हिंदु विवाह होत नाहीं. आणि विवाह जेथें झाला तेथील कायद्यानें तो खरा असेल, तर अमेरिकेचें सरकारहि सामान्यतः तो खराच धरतें. म्हणून साखरपुडा झाला तर बाध नाहीं. सप्तपदी झाली कीं मुलगी विवाहित. मुंबईच्या वकिलातींत मुलाखतीच्या वेळीं ती स्वतःस अविवाहित म्हणवील, तर तें असत्य कथन ठरतें, आणि त्याचा परिणाम कायमची प्रवेशबंदी हा होऊं शकतो. व्हिसा हातीं पडल्यावर आणि विमानांत बसण्यापूर्वीं घाईनें लग्न उरकणें हेंहि तितकेंच घातक. पुढें पतीला नेण्यासाठीं अर्ज करतांना लग्नाची खरी तारीख लिहावीच लागते, आणि वर्षानुवर्षें झांकलेली गोष्ट तेथें उघडी पडते.

तर मग मुलींनीं नंबर येईपर्यंत अविवाहित राहावें काय? हा प्रश्न आम्हांस सर्वांत कठीण वाटतो. २०२४ सालच्या पत्रकांवरून पाहतां, भारतीयांना ग्रीन कार्डधारकाच्या मोठ्या अविवाहित मुलांच्या वर्गांत सुमारें आठ, नागरिकाच्या विवाहित मुलांच्या वर्गांत सुमारें चौदा, आणि भावंडांच्या वर्गांत अठराहून अधिक वर्षें मागचे अर्ज चालू होते. विशी-तिशींतील आठ वर्षें ही लहान गोष्ट नव्हे. कोणी थांबणें पत्करील, कोणी अमेरिकेचा नाद सोडून येथेंच संसार मांडील. दोन्ही मार्ग सन्मानाचेच आहेत. मात्र निवड जिच्या आयुष्याची आहे, तिला सर्व गोष्टी समजावून देऊन तिच्याच मुखानें ती व्हावी. वडील माणसांनीं अर्धवट माहितीवर ठरवावें आणि तिनें मान हालवावी, असें होऊं नये.

यास्तव मुहूर्त धरण्यापूर्वीं तीन गोष्टींचा उलगडा करून घ्यावा. अर्ज कोणत्या वर्गांतला आहे? अर्ज करणारा आज नागरिक आहे कीं केवळ ग्रीन कार्डधारक? आणि अर्जावर कोणती तारीख आहे? हे कागद घेऊन या विषयांतील जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. त्यास पडणारा खर्च मंडपाच्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

त्या गृहस्थांनीं अखेर नागरिकत्वाची शपथ घेतली आणि विवाहित मुलीसाठीं नवा अर्ज केला. तारीखहि अर्थात् नवी. मुलगी पतीसह पुण्यास सुखानें नांदत आहे. आपल्या हौसेनें काय झालें, हें आजीला मात्र कोणीं सांगितलेलें नाहीं.